स्त्रियांच्या मासिकाच्या संपादिकेची कारकीर्द कशी नोंदवावी

एखाद्या बाईंनी तीस-पस्तीस वर्षे स्त्रियांचे मासिक चालवलेले असते. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला अंक टपालात पडलेला असतो, श्रावण लागल्यापासून दिवाळी अंकापायी घर आणि छापखाना एक झालेला असतो, कितीतरी नव्या लेखिकांचे पहिले लेखन त्यांच्या हाताखालून गेलेले असते. आणि तरीही त्यांच्याविषयी लिहायला बसणाऱ्याकडून दोन परिच्छेदांपलीकडे मजकूर निघत नाही. जन्मगाव, शिक्षण, मासिकाचे नाव, मिळालेले पुरस्कार आणि ‘त्यांनी अनेक लेखिका घडवल्या’ हे एक वाक्य. कोणत्या लेखिका, कोणत्या वर्षी, कोणाचा लेख साभार परत पाठवून आणि कोणाचा तीनदा लिहून घेऊन घडवल्या, याची नोंद कुठेही नसते.

नागपुरातील एका मासिकाच्या संपादिकेची कारकीर्द तपशिलाने नोंदवण्याचे काम मी केले आहे. त्यांच्या इच्छेनुसार येथे त्यांचे किंवा मासिकाचे नाव देत नाही. त्यांच्याकडे काम करणारी माणसे त्यांना ‘बाई’ म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणेन. हे काम करताना जी पद्धत हळूहळू हाती आली, ती येथे लिहून ठेवत आहे. अशा अनेक संपादिका आज ऐंशीच्या घरात आहेत, त्यांचे अंक माळ्यावर कसर लागत पडले आहेत, आणि हे काम करू शकतील अशी माणसे, म्हणजे त्यांच्या लेकी-सुना, जुन्या लेखिका, मराठीचे विद्यार्थी, कुठून सुरुवात करावी हे न कळल्यामुळे थांबून राहिली आहेत.

आधी अंक, मग मुलाखत

मी केलेली सर्वांत मोठी चूक आधी सांगतो. मी थेट मुलाखतीपासून सुरुवात केली. पहिल्या चार बैठका अंक न वाचता घेतल्या, आणि त्या चारही बैठकांत बाईंनी मला तेच सांगितले जे त्या सत्कार समारंभांत वर्षानुवर्षे सांगत आल्या होत्या. त्यात खोटे काहीच नव्हते. परंतु वारंवार सांगितल्याने आठवण गुळगुळीत होते आणि तिच्यावरचे खाचखळगे निघून जातात. पाचव्या बैठकीला मी एक जुना अंक सोबत नेला आणि त्यातले एक पान उघडून त्यांच्यासमोर ठेवले. त्या दिवशी त्या प्रथमच म्हणाल्या, “हा लेख मी छापायला नको होता.” तेथून खरे काम सुरू झाले.

संपादकाचे काम लेखकाच्या कामासारखे पानावर सही करून उभे राहत नाही. ते निवडीत असते, नाकारण्यात असते, कोणता लेख पहिला घेतला आणि कोणता पाककृतींच्या मागे टाकला या क्रमात असते, आणि मथळा कोणी बदलला यात असते. त्यामुळे संपादिकेची कारकीर्द तिच्या बोलण्यात अर्धीच सापडते. उरलेली अंकांत असते आणि ती तिला स्वतःलाही पूर्ण आठवत नाही. अंक वाचून गेलेला माणूसच तिला आठवण करून देऊ शकतो.

अंक शोधताना पहिला शोध संपादिकेच्या घरी घ्यावा, परंतु तेथे पूर्ण संच मिळेल असे गृहीत धरू नये. आपल्याजवळची प्रत मागणाऱ्याला देऊन टाकण्याची सवय संपादकांना असतेच. नागपुरात मी सीताबर्डीवरील विदर्भ साहित्य संघाचे ग्रंथालय, राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय, शासकीय विभागीय ग्रंथालय आणि विद्यापीठाचे ग्रंथालय अशा क्रमाने फिरलो. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ सालची आणि नागपूर विद्यापीठाचीही त्याच वर्षीची. त्यामुळे जुन्या नियतकालिकांचा माग काढताना या दोन ठिकाणी चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. या खेरीज १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यात १९५६ साली वृत्तपत्रे आणि नियतकालिकांचाही समावेश झाला, आणि त्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक अंकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना पाठवणे बंधनकारक झाले. छोट्या मासिकांनी हे नेहमीच केले असे नाही, तथापि विचारून पाहण्यासारखे निश्चित आहे. सर्वांत अनपेक्षित संच मला मिळाला तो मात्र नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या वर्गणीदार आजींकडे. त्यांनी दर वर्षाचे अंक सुतळीने बांधून, वर जुन्या साडीचा तुकडा गुंडाळून ठेवले होते. जुन्या वर्गणीदारांची यादी मिळाली तर ती कोणत्याही ग्रंथालयाइतकीच मोलाची समजावी.

ग्रंथालयातील बांधीव खंडांबाबत एक सूचना करणे भाग आहे. बांधणी करताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची रंगीत पाने काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. त्यामुळे केवळ बांधीव खंड पाहून ‘या वर्षी मुखपृष्ठावर चित्रकाराचे नाव नाही’ किंवा ‘जाहिराती कमी होत्या’ असे निष्कर्ष काढू नयेत. त्याच वर्षाचे दोन-तीन सुटे अंक मिळवून ताडून पाहावेत. पाने पिवळी पडून कडक झाली असतील तर झेरॉक्ससाठी खंड उलटा दाबू नये, कारण शिवण उसवते आणि पान दुमडीवर तुटते. खिडकीजवळच्या उजेडात मोबाइलने सरळ वरून छायाचित्र घेतले तर वाचण्यापुरते ते पुरते. प्रत्येक छायाचित्राला लगेच वर्ष, महिना आणि पानाचा क्रमांक असे नाव द्यावे. ‘नंतर देऊ’ म्हणून ठेवलेली माझी तीनशेहून अधिक छायाचित्रे पुन्हा काढावी लागली.

अंकांची नोंदवही

एक साधी नोंदवही करावी. कागदी असो वा संगणकावरची, प्रत्येक अंकाला एक ओळ द्यावी. तीत वर्ष व अंक क्रमांक, महिना, किंमत, पृष्ठसंख्या, छापखान्याचे नाव, संपादक आणि साहाय्यक म्हणून छापलेली नावे, संपादकीयाचा विषय, पहिल्या लेखाचा विषय, नव्याने आलेल्या लेखिकांची नावे आणि जाहिरातींची पाने एवढे लिहावे. हे काम कंटाळवाणे वाटेल, परंतु तीनशे ओळी भरल्यावर जे दिसते ते कोणत्याही मुलाखतीत दिसत नाही. बाईंच्या मासिकाची पृष्ठसंख्या एका वर्षी अचानक सोळाने घटली होती. एक फर्मा, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांचा संच, कमी झाला होता, आणि त्यामागे कागदाची दरवाढ नव्हती. एक मोठा जाहिरातदार एका लेखामुळे निघून गेला होता. ही गोष्ट त्यांनी आपण होऊन कधीच सांगितली नसती.

वर्ष आणि अंक यांचे आकडे जुळवताना गोंधळ होतो. मासिकाचे वर्ष जानेवारीत सुरू होईलच असे नाही. ते स्थापनेच्या महिन्यापासून मोजले जाते. दिवाळी अंक बहुधा जोडअंक असतो, म्हणजे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मिळून एकच अंक निघतो आणि त्यावर ‘अंक १० व ११’ असे छापलेले असते. हे लक्षात न घेतल्यास एक अंक हरवला असे समजून माणूस ग्रंथालये पालथी घालतो.

आता नोंदवहीतील सर्वांत उपयोगी ओळीकडे येतो, आणि ती म्हणजे मार्चच्या अंकाची. वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६ च्या नियमांतील नियम ८ नुसार प्रत्येक नियतकालिकाला फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात ‘फॉर्म ४’ हे निवेदन छापावे लागे. त्यात प्रकाशनाचे ठिकाण, किती काळाने अंक निघतो, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि मालक यांची नावे, राष्ट्रीयत्व आणि पत्ते असत. वाचक त्या चौकटीकडे ढुंकूनही पाहत नाही. कारकीर्द लिहिणाऱ्याने मात्र दर वर्षीचा मार्चचा अंक आधी काढून तेवढीच चौकट एका खाली एक मांडावी. मालकी पतीच्या नावावरून पत्नीच्या नावावर कधी आली, कार्यालय धंतोलीतून धरमपेठेत कधी गेले, छापखाना कोणत्या वर्षी बदलला, हे सारे तेथे तारखेनिशी मिळते. बाई म्हणत होत्या की त्या आरंभापासून संपादक होत्या. फॉर्म ४ सांगत होता की पहिली सहा वर्षे संपादक म्हणून त्यांच्या पतीचे नाव होते. दोन्ही खरे होते. काम त्या करत होत्या आणि कागदावर नाव पतीचे होते, आणि ही तफावत हाच त्यांच्या कारकिर्दीचा पहिला अध्याय ठरला.

पदाचे नाव आणि प्रत्यक्ष काम यांतील हे अंतर केवळ घरगुती मासिकांत नव्हते. ‘स्त्री’ हे मासिक किर्लोस्करांनी १९३० साली सुरू केले. विद्या बाळ त्या मासिकात १९६४ पासून साहाय्यक संपादक होत्या, मुख्य संपादक झाल्या १९८३ साली, आणि त्या पदावर १९८६ पर्यंतच राहिल्या. पुढे १९८९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. केवळ संपादकपदाची वर्षे मोजली तर ‘स्त्री’मधील त्यांचे काम तीन वर्षांचे दिसते, आणि त्याआधीची एकोणीस वर्षे दृष्टीआड होतात. म्हणून कारकीर्द नोंदवताना ‘संपादक केव्हा झालात’ हा प्रश्न पुरेसा नाही. पहिले प्रूफ केव्हा तपासले, पहिले पत्र लेखिकेला कोणी लिहिले, लेख नाकारण्याचा अधिकार पहिल्यांदा केव्हा हाती आला, असे विचारावे लागते.

छापखाना समजून घ्यावा

ज्यांनी फक्त संगणकावर जुळवलेली पाने पाहिली आहेत, त्यांनी मुलाखतीपूर्वी खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, जुळवण्याच्या काळातील छपाई कशी होत असे हे एखाद्या जुन्या मुद्रकाकडून समजून घ्यावे. जुळारी केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीतून, एकेक खिळा उचलून ओळ भरत असे, जुळवलेल्या ओळींच्या तबकावरून, म्हणजे गॅलीवरून, पहिले प्रूफ निघे, ते संपादिकेकडे येई, दुरुस्त्या होऊन परत जाई, मग पाने बांधून फर्मा मशीनवर चढे. छायाचित्र हवे असेल तर जस्ताचा ब्लॉक वेगळा करून घ्यावा लागे आणि त्याचा खर्च मोजूनच छायाचित्र घ्यायचे की नाही हे ठरे. जोडाक्षरांचे खिळे लवकर झिजत आणि तुटत.

हे माहीत असले की अंकातील कितीतरी गोष्टींचा अर्थ लागतो. लेखाच्या शेवटी अर्धे पान उरले की तेथे सुविचार, विणकामाचा नमुना किंवा चार ओळींची कविता येई. बाईंनी अशा उरलेल्या जागांसाठी छोट्या कवितांची एक वेगळी फाइल ठेवली होती, आणि आज नाव असलेल्या दोन कवयित्रींची पहिली कविता अशीच पान भरण्यासाठी छापली गेली होती. खिळ्यांवरून ऑफसेटवर आणि पुढे संगणकावरच्या जुळवणीवर मासिक कोणत्या वर्षी आले, हे नोंदवावेच. त्या बदलाने शेवटच्या क्षणी दुरुस्ती करण्याची मुभा मिळाली आणि संपादनाची रीतच बदलली. जुने जुळारी हयात असतील तर त्यांना अवश्य भेटावे. आमचे जुळारीकाका इतवारीत राहतात. बाईंच्या हस्ताक्षराविषयी, त्यांच्या रागाविषयी आणि महिनाअखेरीस बिल कधीही न थकवण्याविषयी जे त्यांनी सांगितले, ते कोणत्याही लेखिकेला माहीत नव्हते.

अंक वाचताना काय पाहावे

संपादकीये सगळेच वाचतात. माझ्या मते ती सर्वांत शेवटी वाचावीत, कारण संपादकीयात संपादक आपल्याला कसे दिसावे असे वाटते ते लिहितो. आधी वाचकांची पत्रे, सल्ल्याचे सदर आणि पाककृती वाचाव्यात.

पाककृतींना कोणी हसू नये. वैदर्भीय घरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, शेंगदाण्यांना फल्लीदाणे म्हणतात. मासिक नागपुरात निघत असले तरी वर्गणीदार पुण्या-मुंबईतही असतील, तर पाककृतीत कोणता शब्द छापायचा हा निर्णय संपादिकेलाच करावा लागतो. बाईंच्या मासिकात पहिली काही वर्षे ‘कोथिंबीर’ छापले जात होते. एका वर्षाच्या हिवाळ्यात सांबारवडीची कृती आली, आणि त्यानंतर ‘सांबार’ हा शब्द कंसाशिवाय, स्पष्टीकरणाशिवाय येऊ लागला. भाद्रपदात गौरींऐवजी महालक्ष्म्या, त्यांच्या जेवणाची आंबील, भोंडल्याऐवजी भुलाबाईची गाणी, असे बदलही त्याच सुमाराचे. मी हे त्यांना दाखवले तेव्हा त्यांनी सांगितले की यवतमाळच्या एका वाचक बाईंचे पत्र आले होते, ‘आमच्याच गावाकडचे मासिक आम्हाला पाहुण्यासारखे का बोलते?’ ते पत्र त्यांनी छापले नव्हते, पण जपून ठेवले होते. कारकीर्द अशा पत्रांत असते.

त्यानंतर काही घटना निवडून त्या काळातले अंक बारकाईने पाहावेत. घटना अशी असावी की जिच्याविषयी स्त्रियांच्या मासिकाला बोलणे किंवा गप्प राहणे यांपैकी एक निवडावेच लागले असेल. विदर्भापुरते सांगायचे तर मथुरा प्रकरण टाळता येणार नाही. २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, म्हणजे तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, मथुरा नावाने ओळखल्या गेलेल्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. पुढील वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्कारविषयक कायदा बदलला. नागपुरात डॉ. सीमा साखरे यांनी स्त्री अत्याचार विरोधी परिषदेचे काम उभे केले. म्हणजे हा विषय दिल्लीचा नव्हता, आपल्या दारातला होता. बाईंना ठाम आठवत होते की त्यांनी निकाल लागताच लेख छापला. अंकांत पाहिले तर लेख दीड वर्षानंतर, मोर्चे निघाल्यावर आला होता. तारीख दाखवल्यावर त्या बराच वेळ अंक हातात धरून बसल्या, आणि मग त्यांनी पहिला लेख कोणाच्या सांगण्यावरून मागे ठेवला होता ते सांगितले. आठवण चुकली म्हणून माणूस खोटा ठरत नाही. आपण जे करायला हवे होते ते केलेच असे मनाला कालांतराने वाटू लागते, आणि नोंद करणाऱ्याने ते दुरुस्त करताना शब्द जपून वापरावेत.

अशाच रीतीने आणीबाणीचे महिने, १९७५ चे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष, ३० जुलै १९९१ चा नागपूर जिल्ह्यातील मोवाडचा महापूर, २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावरील मोर्चात चेंगरून ११४ गोवारी बांधवांचे गेलेले प्राण, आणि १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपुरातील कस्तुरबानगरच्या स्त्रियांनी न्यायालयाच्या इमारतीतच एका गुंडाला ठार मारून कायदा हाती घेतल्याची घटना, या प्रत्येकीनंतरचे तीन-तीन अंक पाहावेत. गोवारींच्या मोर्चातील मृतांत स्त्रिया आणि लेकरे मोठ्या संख्येने होती. त्यानंतरच्या डिसेंबरच्या अंकात स्वेटरचे नमुने तेवढे आहेत की आणखी काही आहे, हे पाहणे मला आवश्यक वाटते. मासिकाचा मजकूर दोन-तीन आठवडे आधी छापखान्यात गेलेला असतो, हे ध्यानात ठेवून जानेवारीचा अंकही पाहावा आणि मगच मत बनवावे.

जे अंकात नाही तेही नोंदवावे लागते, आणि हा भाग सर्वांत अवघड आहे. नागपूर हे असे शहर आहे की जेथे जाईबाई चौधरींनी १९२२ साली दलित मुलींसाठी शाळा काढली, जेथे २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली, जेथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला, आणि जेथे कुमुद पावडे यांच्यासारख्या संस्कृतच्या प्राध्यापिका लिहीत होत्या. अशा शहरातून निघणाऱ्या मासिकाच्या लेखिकांची यादी मी केली, तेव्हा पहिल्या अकरा वर्षांत इंदोरा, पाचपावली किंवा उत्तर नागपुरातील कोणत्याही दलित वस्तीतले नाव त्यात नव्हते. हा प्रश्न विचारावा की नाही यावर मी दोन महिने घालवले. शेवटी यादीच त्यांच्यापुढे ठेवली आणि काहीच विचारले नाही. त्या म्हणाल्या, “मला पत्रे येत नव्हती असे मी आजवर म्हणत आले. पण मी पत्रे लिहिलीही नव्हती.” हे वाक्य त्यांच्या परवानगीने नोंदीत जसेच्या तसे आहे. कारकीर्द लिहिताना गौरव आणि दोष यांचे माप काढत बसू नये. काय छापले, काय छापले नाही आणि ते केव्हा बदलले, एवढे तारखांसह मांडले की पुरे.

बैठका कशा घ्याव्यात

वय झालेल्या माणसाबरोबर एका वेळी सव्वा ते दीड तासापेक्षा जास्त बसू नये. नागपूरच्या उन्हाळ्यात तर सकाळी आठ ते साडेनऊ हीच वेळ योग्य. दुपारी कूलरच्या आवाजात ध्वनिमुद्रण ऐकू येत नाही, ही गोष्ट मी एक अख्खा एप्रिल वाया घालवून शिकलो. बैठकीआधी पुढील सहा महिन्यांचे अंक वाचून दहा प्रश्न लिहून न्यावेत. ‘तुमचा प्रवास कसा झाला?’ यासारखा प्रश्न कधीही विचारू नये, कारण त्याचे उत्तर सत्काराच्या भाषणातच मिळते. ‘हा लेख आठव्या पानावर होता, पुढच्या महिन्यात याच लेखिकेचा लेख पहिल्या पानावर कसा आला?’ असे विचारले की मधली हकीकत उलगडते.

ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी लेखी संमती घ्यावी, आणि तीत नोंद कोठे ठेवली जाईल, कोण ऐकू शकेल, कोणता भाग किती वर्षे बंद ठेवायचा हे स्पष्ट लिहावे. लेखिकांची खासगी पत्रे हा वेगळा विषय आहे. सल्ल्याच्या सदराकडे स्त्रियांनी घरातल्या मारहाणीविषयी, मूल न होण्याविषयी, माहेरी परत जाता येत नसल्याविषयी लिहिलेले असते. त्यांनी ते संपादिकेवर विश्वास ठेवून लिहिले होते, आपल्यावर नव्हे. बाईंनी त्या पत्रांचा गठ्ठा मला दाखवला, वाचू दिला नाही, आणि मी पुन्हा मागितला नाही. त्या सदरातून किती पत्रे येत, कोणत्या गावांहून येत, उत्तर छापता येत नसे तेव्हा त्या काय करत, एवढे त्यांच्याकडून ऐकून लिहिले. उत्तर बहुधा आंतरदेशीय पत्रावर, स्वतःच्या हाताने जात असे, आणि पत्र घरच्यांच्या हाती पडेल अशी भीती असेल तर शेजारणीच्या पत्त्यावर.

पैशांविषयी विचारायला संकोच वाटतो, परंतु विचारावेच. संपादिकेला मानधन होते का, कोणत्या वर्षापासून, लेखिकांना किती मिळे, दिवाळी अंकाच्या जाहिरातींवर वर्षाचा किती भार निघे? मराठीत दिवाळी अंकाची प्रथा का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली सुरू केली, आणि पुढे अनेक मासिकांचे वर्षाचे गणित याच एका अंकावर उभे राहिले. बाईंना पहिली चौदा वर्षे मानधन नव्हते. घरचे मासिक आहे, घरच्या बाईला पगार कसला, असा तो हिशेब होता. वेष्टने चिकटवणे, पत्ते लिहिणे आणि गठ्ठे रिक्षाने टपाल कार्यालयात नेणे ही कामे मुले, नणंद आणि शेजारच्या काकू करत. या सर्वांची नावे नोंदीत यायला हवीत, म्हणून घरातल्या प्रत्येकाशी वेगळे बोलावे, आणि शक्यतो संपादिका समोर नसताना बोलावे.

नावांची सूची

शेवटचे काम म्हणून जे बहुतेक जण सोडून देतात, ते खरे तर संपादिका हयात आणि स्मरणाने धड आहे तोवर सर्वांत आधी करायला हवे. अंकांत छापलेल्या प्रत्येक लेखिकेच्या नावाची अकारविल्हे सूची करावी. ती करताना लक्षात येते की १९६८ मध्ये ‘कुमारी’ म्हणून लिहिणारी मुलगी १९७२ मध्ये सासरचे नाव आणि आडनाव घेऊन ‘सौभाग्यवती’ झालेली असते. पुढे काही वर्षे तिच्याऐवजी ‘एक भगिनी’ किंवा ‘एक अनुभवी गृहिणी’ लिहिते, आणि १९९० च्या आसपास ती पुन्हा माहेरच्या आडनावाने, किंवा आडनावच न लावता येते. ग्रंथालयाच्या सूचीत या चार वेगळ्या लेखिका असतात. त्या एकच आहेत हे फक्त संपादिकेला ठाऊक असते, कारण तिने हस्ताक्षर ओळखलेले असते.

आमच्या सूचीत एकूण १,१४० नावे झाली. मी ती मोठ्या अक्षरांत छापून, प्रत्येक नावापुढे मोकळी जागा सोडून, बाईंना दिली. त्यांनी चार महिने रोज सकाळी चहानंतर एक-एक पान घेतले, पेन्सिलीने रेघा ओढून नावे एकमेकांना जोडली, काहींपुढे गाव लिहिले, काहींपुढे ‘वारल्या’ आणि वर्ष लिहिले. ज्या भगिनींनी नाव गुप्त ठेवण्यास सांगितले होते त्यांच्यापुढे फक्त एक टिंब ठेवले, आणि ते टिंब का आहे हे मी कोणालाही सांगायचे नाही असे ठरले. १,१४० नावांच्या शेवटी ७१२ लेखिका उरल्या. त्या सूचीची एक प्रत ग्रंथालयाला दिली आहे, एक बाईंच्या नातीकडे आहे, आणि पेन्सिलीच्या रेघा असलेली मूळ प्रत अजून त्यांच्याच टेबलावर असते. आताही एखादे नाव आठवले की त्या ते तिच्यात भरतात आणि मला फोन करून पान क्रमांक सांगतात.